गाडी माझी, कळ कुणाची?

जानेवारीतली सकाळ. इथे लेस्टरमध्ये पारा उणे चारवर उतरलेला. घरासमोर उभ्या असलेल्या आमच्या मोटारीच्या काचांवर रात्रभरात बर्फाचा जाड पापुद्रा धरला आहे. शेजारचे गृहस्थ हातमोजे घालून आपल्या गाडीची काच खरवडताहेत, तो खरखर आवाज आत ऐकू येतो आहे. आणि मी? मी स्वयंपाकघरात आल्याचा चहा गाळतो आहे. एका हातात गाळणी, दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलवर आमच्या गाडीचं छोटंसं चित्र, त्याखाली एक कळ. तिच्यावर बोट टेकवलं की मिनिटभरात बाहेर गाडीतला हीटर सुरू होतो. चहा संपवून, कानटोपी चढवून मी बाहेर पडतो तेव्हा काच स्वच्छ झालेली असते आणि आतली हवा उबदार.

अशा वेळी मला हमखास वडिलांची फियाट आठवते. नाशिकची थंडी इथल्यासारखी नसली, तरी डिसेंबरातल्या पहाटे त्या फियाटला ती पुरेशी होती. वडील चोक ओढायचे, किल्ली फिरवायचे. गाडी तीनचार वेळा खोकायची आणि गप्प व्हायची. मग ‘चला रे पोरांनो’ अशी हाक यायची आणि आम्ही दोघं भाऊ शाळेच्या कपड्यांत गाडीला धक्का मारायचो. आज वडील असते आणि त्यांना मी ही मोबाइलवरची कळ दाखवली असती, तर त्यांनी कौतुक नक्की केलं असतं. पण त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे. पुढच्याच क्षणी त्यांनी विचारलं असतं, ‘ही कळ दाबल्यावर नेमकं काय होतं? आणि ती आणखी कोणाला दाबता येते?’

हा दुसरा प्रश्न मला गाडी घेताना सुचला नाही. तो सुचायला एक विचित्र अनुभव यावा लागला. तो सांगण्याआधी गाडीबद्दल थोडं सांगायला हवं.

आमची गाडी ‘प्लग-इन हायब्रिड’ जातीची आहे. म्हणजे तिच्यात पेट्रोलचं इंजिन आहे, विजेची मोटर आहे आणि बारा-तेरा युनिट वीज मावेल एवढी बॅटरी आहे. रात्री घरातल्या साध्या प्लगला जोडली की पाच-सहा तासांत बॅटरी भरते. तेवढ्यावर उन्हाळ्यात चाळीसेक किलोमीटर जाता येतं, हिवाळ्यात त्याहून बरंच कमी. त्यापुढे पेट्रोल. बाजारहाट, नातवाची शाळा, दवाखाना ही सगळी कामं विजेवर भागतात. लंडनला जायचं तर वाटेत चार्जिंगची चिंता नाही. आमच्यासारख्या निवृत्त जोडप्याला हा मधला मार्ग बरा वाटला.

अशा गाडीला मोबाइलची जोड ही नुसती चैन नाही, हे मान्य करायला हवं. कडाक्याच्या थंडीत गाडीत बसून हीटर लावला तर ती ऊब बॅटरीतून जाते आणि अंतर घटतं. अनेक हायब्रिड गाड्यांत तर तेवढ्यासाठी पेट्रोलचं इंजिनच सुरू होतं. गाडी प्लगला जोडलेली असतानाच ती तापवून घेतली, तर ती वीज घरातून येते आणि बॅटरी प्रवासासाठी शिल्लक राहते. इकडे काही योजनांत मध्यरात्रीनंतर वीज स्वस्त मिळते. चार्जिंग त्या वेळी सुरू करायचं, हेही घरात बसून ठरवता येतं. रात्री प्लग लावायला विसरलो, तर मोबाइल आठवण करतो.

ही आठवण लहानसहान समजू नका. युरोपीय आयोगाने २०२४ च्या मार्चमध्ये रस्त्यावरच्या गाड्यांची प्रत्यक्ष नोंद तपासून अहवाल दिला. प्रयोगशाळेत जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतील असं कागदावर होतं, त्याच्या सरासरी साडेतीन पट वायू या प्लग-इन गाड्या प्रत्यक्षात सोडत होत्या. मुख्य कारण अगदी साधं. लोक त्या पुरेशा चार्ज करत नाहीत, पेट्रोलवरच हाकतात. तेव्हा मोबाइलने मालकाला प्लगची सवय लावली, तर ते देशाच्याही हिताचंच आहे.

आता वडिलांचा पहिला प्रश्न. कळ दाबली की काय होतं? मला आधी वाटत होतं, माझा मोबाइल थेट माझ्या गाडीशी बोलतो. तसं नाही. माझा हुकूम आधी इंटरनेटवरून गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या संगणकाकडे जातो. तो संगणक माझं नाव आणि पासवर्ड तपासतो. मग मोबाइल कंपनीच्या मनोऱ्यावरून गाडीत बसवलेल्या सिमकार्डाला निरोप जातो, आणि ते सिमकार्ड गाडीतल्या यंत्रणेला सांगते, ‘हीटर लाव.’ मी आणि दाराबाहेरची गाडी यांच्यात जेमतेम दहा पावलांचं अंतर, पण माझा निरोप कुठल्या कुठल्या देशातून फिरून येत असेल कोण जाणे. वाटेत सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं तर गाडी तापते. एकाने ‘नाही’ म्हटलं की माझं बोट काचेवर नुसतंच टेकलेलं राहतं.

आता तो अनुभव. दोन वर्षांपूर्वी ही गाडी आम्ही वापरलेली घेतली. कागदपत्रं चोख, किल्ल्या दोन्ही हातात, सर्व्हिसचं पुस्तक भरलेलं. पहिल्याच आठवड्यात एका पहाटे सव्वासहाला बाहेरून घुंऽऽ असा आवाज आला. पडदा सारून बघतो तर गाडीतला पंखा चालू, काचेवरचा बर्फ वितळतो आहे. मी काही केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. ‘अहो, ही गाडी आपली आपण उठते की काय?’ आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं. गाडीतल्या पडद्यावर मी सगळं धुंडाळलं. कुठेही वेळ लावलेली दिसेना. शेवटी स्वतःचा मोबाइल जोडायला गेलो, तर उत्तर आलं की ही गाडी आधीच दुसऱ्या ग्राहकाच्या नावावर जोडलेली आहे.

उलगडा झाला तो असा. गाडीच्या आधीच्या मालकाने रोज पहाटे कामावर जाण्यासाठी मोबाइलवरून वेळ लावून ठेवली होती. गाडी विकली, किल्ल्या दिल्या, कागदावर सही केली, पण मोबाइलमधून गाडी काढून टाकायची राहिली. ती वेळ गाडीत नव्हतीच, ती कंपनीच्या संगणकात होती. तिथून रोज पहाटे हुकूम सुटायचा आणि आमच्या दारातली गाडी तो निमूट पाळायची.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, कंपनीकडे जा. कंपनी म्हणाली, खरेदीची पावती पाठवा, ओळखपत्र पाठवा, वाट पाहा. अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत एका अनोळखी माणसाच्या खिशात आमची गाडी कुठे उभी आहे ते दिसत होतं. दारं बंद आहेत की उघडी, तेही. आणि दारं उघडायची कळसुद्धा त्याच्याकडे होती. त्या माणसाने काहीही वाईट केलं नाही. त्याला बिचाऱ्याला ठाऊकही नव्हतं. पण आमच्या सौभाग्यवती त्या अकरा रात्री झोपण्यापूर्वी खिडकीतून गाडीकडे एक नजर टाकायच्या आणि गाडीत पर्ससुद्धा ठेवत नव्हत्या. पूर्ण किंमत मोजून घेतलेली वस्तू पूर्ण आपली झालेली नाही, ही भावना फार चमत्कारिक असते.

मला वाटलं, हे आमचंच नशीब. तसंही नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत संगणक सुरक्षेच्या एका मोठ्या परिषदेत आयबीएमच्या चार्ल्स हेंडरसन यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. त्यांनी आपली जुनी गाडी विकली होती, विकण्यापूर्वी आपली माहिती आठवणीने पुसली होती, आणि तरीही विक्रीनंतर कित्येक काळ ती गाडी त्यांच्या मोबाइलवर दिसत होती. तिची दारं त्यांना उघडता येत होती. हा माणूस याच विषयातला जाणकार. मग तुमची-आमची काय कथा?

ही झाली विसरभोळेपणाची बाजू. मुद्दाम शिरणाऱ्यांची बाजू निराळी आहे, आणि तिची दोन बोधप्रद उदाहरणं एकाच वर्षातली, इथली ब्रिटनमधलीच आहेत. २०१६ च्या फेब्रुवारीत ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियातल्या सुरक्षातज्ज्ञाने दाखवून दिलं की, निसानच्या लीफ या विजेच्या गाडीची मोबाइल सेवा गाडीचा ओळख क्रमांक सोडून दुसरं काहीच विचारत नाही. हा क्रमांक पुढच्या काचेआडून कोणालाही वाचता येतो. हंट यांनी ऑस्ट्रेलियात बसून इंग्लंडमधल्या आपल्या मित्राच्या गाडीतला पंखा आणि हीटर सुरू करून दाखवला, अर्थात मित्राच्या संमतीने. मित्र गाडीत बसून पाहत होता. कंपनीला ती सेवा काही काळ बंद ठेवावी लागली.

दुसरं उदाहरण माझ्या गाडीच्या जातीचं. मित्सुबिशीची आउटलँडर ही ब्रिटनमध्ये त्या काळी सर्वांत लोकप्रिय प्लग-इन हायब्रिड होती. तिने वेगळी वाट धरली होती. मध्ये कंपनीचा संगणक नाही, सिमकार्ड नाही. गाडी स्वतःचंच छोटं वायफाय सोडते, मोबाइल त्याला थेट जोडायचा. अंतर कमी, पण मध्यस्थ नाही. ऐकायला छान. पण २०१६ च्या जूनमध्ये पेन टेस्ट पार्टनर्स या इथल्याच सुरक्षा संस्थेने दाखवलं की त्या वायफायचा परवलीचा शब्द फारच तोकडा आहे आणि तो संगणकाने काही दिवसांत शोधता येतो. तो सापडला की गाडीचे दिवे लावता येतात, हीटर चालवून बॅटरी रिकामी करता येते, आणि सर्वांत वाईट म्हणजे चोरीची घंटाच बंद करता येते. कंपनीने मालकांना तूर्त ती जोडणी रद्द करण्याचा सल्ला दिला.

तेव्हापासून बरंच सुधारलं, हे खरं. युरोपीय संघात २०२४ च्या जुलैपासून प्रत्येक नव्या गाडीला संगणक सुरक्षेचे नियम पाळावे लागतात. तरीही त्याच २०२४ साली अमेरिकेत संशोधकांनी किया कंपनीच्या सेवेतली एक चूक उघड केली. नुसत्या नंबरप्लेटवरून लाखो गाड्यांची दारं उघडता येतील आणि त्या सुरूही करता येतील, अशी ती चूक होती. कंपनीने ती दुरुस्त केली, मगच संशोधकांनी ती जाहीर केली. प्रामाणिक माणसांच्या हाती चूक लागली, हे सुदैव. दर वेळी तसंच होईल यावर कोणी आपलं कुलूप सोडत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, तिला चोर लागत नाही. काळ पुरतो. मोबाइल आपण चार-पाच वर्षांत बदलतो, गाडी पंधरा वर्षं वापरतो. या दोघांची गाठ मारली की लवकर म्हातारा होणारा दुसऱ्यालाही ओढतो. २०२४ च्या एप्रिलपासून निसानने ब्रिटनमधल्या जुन्या लीफ गाड्यांची मोबाइल सेवा बंद केली. कारण त्या गाड्या मोबाइलच्या जुन्या, दुसऱ्या पिढीच्या जाळ्यावर बोलत होत्या. गाड्या उत्तम चालू होत्या. पण घरातून हीटर लावण्याची सोय, जिच्याकडे बघून कोणी ती गाडी घेतली असेल, ती एका पत्राने गेली. फियाटचा चोक कोणी पत्र पाठवून बंद केला नव्हता.

इथवर वाचून एखादा वाचक म्हणेल, हे सगळं विलायतेचं झालं, आमचा काय संबंध? संबंध आहे. प्लग-इन हायब्रिड भारतात अजून मोजक्या आणि महागड्या असल्या, तरी मोबाइलवरची कळ तिकडे केव्हाच पोचली आहे. २०१९ साली एमजीची हेक्टर आणि ह्युंदाईची व्हेन्यू या गाड्यांनी ती मध्यमवर्गीय घरात आणली. इथे आम्ही थंडीत हीटर लावतो, तिकडे नागपूरकर मे महिन्यात घरातून एसी लावतात, एवढाच काय तो फरक.

माझी धाकटी बहीण कोथरूडला एकटी राहते. तिच्या मुलाने तिला अशीच एक छोटी गाडी घेऊन दिली आणि तिचं ॲप अमेरिकेत स्वतःच्याही मोबाइलवर घेतलं. गेल्या वर्षी त्याचा मला फोन आला. ‘मामा, आईची गाडी चार दिवस जागची हलली नाही. ती म्हणते मी बरी आहे, पण तुम्ही एकदा बोला ना.’ मी फोन केला. तिला ताप होता. मुलाला काळजी नको म्हणून लपवत होती. शेजाऱ्यांना सांगून डॉक्टर बोलावले. त्या दिवशी मला त्या ॲपचे आभार मानावेसे वाटले.

पण पुढे दोन महिन्यांनी बहीण सहज बोलून गेली, ‘दादा, हल्ली मी भजनाला रिक्षानेच जाते.’ मी विचारलं, का गं, गाडी बिघडली का? म्हणाली, ‘नाही रे. परवा येताना लक्ष्मी रोडला थांबले, जरा उशीर झाला, तर तिकडून लगेच फोन, आई एवढ्या रात्री तिकडे काय करतेस? वाईट वाटलं असं नाही. माझ्या काळजीनेच करतो. पण साठ वर्षांत मी कुठे जाते हे कोणी असं बघितलं नव्हतं रे.’

मी भाच्याशी बोललो. तो गुणी मुलगा आहे, त्याला ते पटलं. आता त्याने आईला विचारून, तिच्या संमतीने, फक्त गाडी बरेच दिवस हलली नाही तरच बघायचं असं ठरवलं आहे. त्यांच्यात प्रेम होतं म्हणून हे बोलून सुटलं. जिथे ते नाही, जिथे संशय आहे, त्या घरात हीच कळ बायकोच्या पाठीमागे सावलीसारखी फिरेल. अमेरिकेत तसे प्रकार घडले आहेत आणि २०२३ च्या अखेरीस तिथल्या वृत्तपत्रांनी ते मांडलेही आहेत. गाडी नवऱ्याच्या नावावर, म्हणून ॲपही त्याचं. आणि घर सोडून गेलेली बाई कुठे आहे ते त्याला घरबसल्या कळतं. शिवाय घरातली माणसं सोडा, कंपनीचं काय? २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जनरल मोटर्सवर कारवाई जाहीर केली. ग्राहक कुठे जातात, ब्रेक किती जोरात मारतात याची माहिती त्यांच्या पुरेशा संमतीविना गोळा करून विकली, असा तो आरोप होता.

मी काही कळ टाकून द्या म्हणणारा नाही. उद्या सकाळी पारा पुन्हा खाली गेला तर मी पुन्हा चहा गाळता गाळता तीच कळ दाबणार आहे. माझं म्हणणं एवढंच की जी वस्तू मी पैसे मोजून घेतली, तिच्यावर माझा ताबा शेवटच्या स्क्रूपर्यंत असावा, आणि तो कायद्याने असावा. त्यासाठी फार मोठं काही लागत नाही. मोबाइलवरून जे करता येतं, ते गाडीत बसूनही साध्या बटणाने करता आलं पाहिजे, म्हणजे सेवा बंद झाली तरी गाडी अपंग होणार नाही. ही सेवा किती वर्षं चालेल आणि फुकटची मुदत संपल्यावर किती पैसे पडतील, हे विक्रीच्या पावतीवर छापलेलं असावं. या क्षणी कोणकोणते मोबाइल जोडलेले आहेत याची यादी गाडीच्याच पडद्यावर दिसावी आणि चाक हातात असलेल्याला ती एका बटणाने पुसता यावी. आणि गाडीचा ठावठिकाणा तिसऱ्याला द्यायचा तर आधी मला स्पष्ट विचारावं, चाळीस पानी करारात दडवू नये.

भारतात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. गाडी विकताना आपल्याकडे आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० भरावे लागतात. नाव बदलतं, पत्ता बदलतो. पण ‘आधीच्या मालकाचा मोबाइल काढला आहे’ अशी एक ओळ त्या व्यवहारात कुठेच नाही. ती असायला काय हरकत आहे? ती येईपर्यंत निदान आपण आपलं पाहावं. वापरलेली गाडी घेताना टायर बघतो, इंजिनचा आवाज ऐकतो, विम्याचे कागद तपासतो, तसं पैसे देण्यापूर्वी विकणाऱ्याला समोर बसवून त्याच्या मोबाइलमधून गाडी काढून घ्यावी आणि आपल्या मोबाइलवर जोडून पाहावी. दहा मिनिटांचं काम आहे. आम्हाला त्याला अकरा दिवस लागले.

आपल्याकडे घर विकून दुसरीकडे राहायला जाताना आधी देव हलवतात. भांडीकुंडी, कपाटं मागाहून जातात. देव हलले की ते घर आपलं राहिलं नाही, हे मनाशी पक्कं होतं आणि नव्या माणसाला ते मोकळ्या मनाने देता येतं. आमची ही गाडीही कधीतरी विकावी लागेल. तेव्हा किल्ल्या देण्याआधी मी माझ्या मोबाइलमधलं तिचं ते छोटं चित्र पुसेन, आणि घेणाऱ्याला ते पुसलेलं दाखवीन. त्याच्या घरच्यांना रात्री खिडकीतून गाडीकडे बघत राहावं लागू नये.